हप्ते फिटले, पण बोजा उतरला का?



गेल्या महिन्यात माधवनगरमधल्या एका गटाच्या बैठकीत वसुली झाली, सह्या झाल्या आणि चहा येईपर्यंत मी एक साधा प्रश्न विचारला. "कुणाकुणाच्या घरी गाडी आहे?" चौदाजणी हजर होत्या, अकरा हात वर आले. "कर्जावर घेतलेली कितीजणींची?" नऊ. "त्यातलं कर्ज फिटलंय कितीजणींचं?" सहा. सगळ्या खुशीत होत्या. मग विचारलं, "आणि आरसी बुकावरचा बोजा उतरवलाय का?"

एकही हात वर आला नाही. एक मावशी म्हणाल्या, "अगं पोरी, हप्तं फिटलं की सगळं फिटलं. आता कसला बोजा?"

तिथंच मोबाईलवर सहा गाड्यांचे नंबर टाकून बघितले. दोन गाड्यांवरचा बोजा उतरला होता. एकीच्या मालकांनी आठवणीनं उतरवला होता, दुसरीच्या बँकेनं स्वतःच ऑनलाईन काढला होता आणि ते त्या ताईंनाच माहीत नव्हतं. उरलेल्या चार गाड्यांवर अजून फायनान्सवाल्याचं नाव दिसत होतं. त्यातल्या एका गाडीचं कर्ज फिटून चार वर्षं झाली होती.

म्हणून या अंकात हा विषय घेतला आहे. सांगायची गोष्ट एकच आहे. हप्ता संपला की कर्ज संपतं, पण सरकारी नोंदीतून बोजा निघतो तेव्हाच गाडी पूर्णपणे आपली होते. आणि ती नोंद आता कॉम्प्युटरवर असल्यामुळे आपली आपल्याला बघता येते.

बोजा म्हणजे नक्की काय?

शेतीवाल्या घरातल्या बायकांना हे लगेच कळेल. सोसायटीचं पीककर्ज काढलं की सातबाऱ्यावर 'इतर हक्क' या रकान्यात सोसायटीचं नाव चढतं. जमीन आपली, कसतो आपण, पण तो बोजा असेपर्यंत जमीन विकायला गेलं की अडतं. कर्ज फेडल्यावर तलाठ्याकडे जाऊन तो कमी करून घ्यावा लागतो.

गाडीचंही तसंच आहे. कर्जावर गाडी घेतली की आरसीवर, म्हणजे नोंदणी प्रमाणपत्रावर, मालक म्हणून आपलं नाव येतं आणि खाली बँकेचं किंवा फायनान्स कंपनीचं नाव येतं. इंग्रजीत त्याला हायपोथिकेशन म्हणतात. एजंट लोक 'एचपी' म्हणतात. आपण बोजाच म्हणूया. मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम ५१ याबद्दलच आहे.

सोनं तारण ठेवताना दागिना बँकेच्या तिजोरीत जातो. गाडी मात्र आपल्याच दारात राहते, तारण असतो तो फक्त कागदावरचा हक्क. त्यामुळं बोजा आहे हे रोज जाणवत नाही. गाडी चालते, पेट्रोल भरतं, पोलीसही त्यावरून अडवत नाहीत. तो आडवा येतो तो नेमका गरजेच्या वेळी. गाडी विकायची असते, दुसऱ्या राज्यात न्यायची असते, हरवलेल्या आरसीची दुय्यम प्रत काढायची असते, किंवा घरातला मालक वारलेला असतो आणि गाडी नावावर करायची असते.

एका ताईंची गोष्ट

आपल्या संघातल्या एका ताई डबे पोचवतात. त्यासाठी त्यांनी स्कूटर घेतली होती, स्वतःच्या नावावर. छत्तीस हप्ते, एकही चुकवला नाही. शेवटचा हप्ता गेल्यावर कंपनीकडून पोस्टानं एक लिफाफा आला. त्यात एनओसी होती. ताईंनी तो लिफाफा देवाजवळ ठेवला, हळदकुंकू लावलं आणि नंतर ट्रंकेत ठेवून दिला.

दोन वर्षांनी मुलीचा नर्सिंगला नंबर लागला. आठवड्यात वीस हजार भरायचे होते. स्कूटरला गिऱ्हाईक तयार होतं, अडतीस हजार ठरले. गिऱ्हाइकाच्या पोरानं मोबाईलवर नंबर टाकला आणि म्हणाला, "काकू, गाडीवर फायनान्स दिसतंय. बोजा उतरवा, नाहीतर दहा हजार कमी घ्या."

ताईंनी ट्रंक उघडली. एनओसीवर मुदत होती नव्वद दिवसांची, ती कधीच संपलेली. कंपनीच्या सांगलीतल्या शाखेत गेल्या तर तिथं मोबाईलचं दुकान झालेलं. कंपनीच्या नंबरवर चार दिवस फोन केल्यावर कळलं की नवीन एनओसी मिळेल, पण त्याची फी भरावी लागेल, आणि एका चेकबाऊन्सचा जुना दंड बाकी आहे, तोही भरावा लागेल. हा दंड आहे हे त्यांना तोवर कुणी सांगितलंच नव्हतं.

मुलीची जागा जाणार म्हणून ताई रडकुंडीला आल्या. शेवटी गट उभा राहिला. तातडीची बैठक झाली, शेकडा एक रुपयानं वीस हजारांचं अंतर्गत कर्ज दिलं. फी वेळेत भरली. पुढच्या दीड महिन्यात नवीन एनओसी आली, बोजा उतरला, स्कूटर ठरल्या भावानं अडतीस हजारालाच गेली आणि दोन महिन्यांचं चारशे रुपये व्याज भरून ताईंनी गटाचं कर्ज फेडलं.

मुलगी आता शिकतेय. पण ताई मला म्हणाल्या, "मॅडम, त्या आठवड्यात मला झोप नव्हती. गट नसता तर दहा हजारावर पाणी सोडलं असतं मी."

आता सगळं कॉम्प्युटरवर कसं चालतं?

पूर्वी हे काम पूर्ण कागदावर चालायचं. फॉर्म ३५ च्या दोन प्रती, त्यावर आपली आणि फायनान्सवाल्याची सही-शिक्का, सोबत एनओसी, आणि मग आरटीओच्या खिडकीपुढं रांग. आता देशभरातल्या गाड्यांची नोंद 'वाहन' नावाच्या केंद्रीय संगणक प्रणालीत असते. आपल्या सांगलीच्या एमएच १० च्या गाड्या, साताऱ्याच्या एमएच ११ च्या, कराडच्या एमएच ५० च्या, सगळ्या त्यातच.

नवीन गाडी घेताना नोंदणीच्या अर्जातच फायनान्सवाल्याचं नाव भरलं जातं आणि ते थेट त्या प्रणालीत चढतं. आधीच आपल्या असलेल्या गाडीवर नंतर कर्ज काढलं तर फॉर्म ३४ भरून बोजा चढतो. उतरवायचा फॉर्म ३५. आकडे लक्षात ठेवायला सोपे आहेत: चौतीसनं चढतो, पस्तीसनं उतरतो.

बऱ्याच बँका आणि मोठ्या फायनान्स कंपन्या आता या प्रणालीला जोडल्या गेल्या आहेत. त्या कर्ज संपल्याची माहिती ऑनलाईनच कळवतात. मग सही-शिक्क्याच्या कागदाची गरज कमी होते. मार्च २०२१ मध्ये केंद्र सरकारनं आधारच्या ओळखीवर घरबसल्या मिळणाऱ्या १८ सेवा जाहीर केल्या, त्यात बोजा चढवणं-उतरवणं होतं. सप्टेंबर २०२२ मध्ये ही यादी ५८ सेवांची झाली. आधार वापरायचं नसेल तर दुसरं ओळखपत्र घेऊन प्रत्यक्ष कार्यालयात जायची वाट अजून खुली आहे.

अमेरिकेतही अनेक राज्यांत असंच चालतं. तिथं कर्ज असेपर्यंत गाडीचा मालकी कागद छापतच नाहीत, तो कॉम्प्युटरवर सावकाराच्या खात्यात असतो आणि कर्ज फिटलं की मालकाकडे येतो. आपल्याकडे आरसी पहिल्या दिवसापासून आपल्या हातात असते. म्हणूनच आपण गाफील राहतो.

लहान पतसंस्था, गावातल्या सोसायट्या यांपैकी अनेक या प्रणालीला जोडलेल्या नसतात. तिथं जुन्या पद्धतीनं सही-शिक्क्याचा फॉर्म ३५ लागतो. म्हणून "ऑनलाईन आहे म्हणजे आपोआप होईल" असं धरून चालू नका. कधी आपोआप होतं, कधी होत नाही. बघितल्याशिवाय कळत नाही.

बघायचं कसं?

एमपरिवहन हे सरकारी ॲप मोबाईलवर घ्या, किंवा परिवहन पोर्टल उघडा. मोबाईल नंबर टाकून लॉगिन करा आणि गाडीचा नंबर टाका. गाडीच्या माहितीत फायनान्सच्या रकान्यात बँकेचं नाव दिसलं तर बोजा आहे. घरात शिकलेली पोरगी-पोरगा असेल तर पाच मिनिटांचं काम आहे. नसेल तर बैठकीत माझ्याकडे या.

आरसी डिजिलॉकरमध्येही उतरवून ठेवा. तिथली आरसी २०१८ पासून पोलिसांना चालते. २०१९ च्या महापुरात आपल्या भागात किती घरांतली कागदपत्रं भिजून गेली ते आपण पाहिलंय. मोबाईलमधली आरसी भिजत नाही.

शेवटचा हप्ता गेला की करायची कामं

१. कर्ज खात्याचा उतारा मागा. बाकी शून्य दिसली पाहिजे. चेकबाऊन्सचा किंवा उशिराचा दंड राहिला असेल तर तो तेव्हाच कळेल. दोन वर्षांनी कळण्यापेक्षा तेव्हा कळलेलं बरं.

२. एनओसी आणि फॉर्म ३५ मागा. तोंडी नको, लेखी अर्ज द्या आणि त्याची पोच घ्या. एनओसीवर गाडीचा नंबर, चेसिस नंबर आणि आपलं नाव आरसीप्रमाणेच आहे का ते तिथंच उभ्यानं वाचा. एक अक्षर चुकलं तरी अर्ज परत येतो.

३. एनओसीवरची मुदत बघा. बहुतेक ठिकाणी ती ९० दिवसांची असते. त्याच्या आत अर्ज करा. लिफाफा देवाजवळ ठेवा, पण एकच रात्र.

४. परिवहन पोर्टलवर महाराष्ट्र राज्य आणि आपलं आरटीओ निवडा. गाडी नंबर, चेसिस नंबरचे शेवटचे पाच आकडे-अक्षरं आणि मोबाईलवर आलेला ओटीपी टाका. 'हायपोथिकेशन टर्मिनेशन' ही सेवा निवडा. कागद जोडा, पोर्टल दाखवेल तेवढीच फी ऑनलाईन भरा आणि पावती जपा. जमत नसेल तर आपले सरकार सेवा केंद्रात विचारा.

५. आरसीला जोडलेला मोबाईल नंबर चालू आहे का ते आधी बघा. गाडी घेताना शोरूमवाल्यानं किंवा एजंटनं स्वतःचाच नंबर टाकलेला असतो, असं मी दोनदा पाहिलं. मग ओटीपी त्यांच्याकडे जातो आणि आपण अडकतो. नंबर बदलायची सोय पोर्टलवर आहे.

६. काम झाल्यावर पुन्हा ॲपवर बघा. फायनान्सचं नाव गेलं असेल तरच काम झालं. एजंट म्हणाला म्हणून झालं, असं नाही.

७. विमा पॉलिसीवरूनही फायनान्सवाल्याचं नाव काढून घ्या. हे सगळ्याच विसरतात. पॉलिसीवर नाव असेल तर गाडी पुरात वाहून गेली किंवा चोरीला गेली की भरपाईवर पहिला हक्क त्यांचा दिसतो, आणि कर्ज नसतानाही आपल्याला त्यांच्या दारात जावं लागतं.

सावकारानं उशीर केला तर?

रिझर्व्ह बँकेनं १३ सप्टेंबर २०२३ ला एक आदेश काढला. १ डिसेंबर २०२३ पासून तो लागू आहे. वैयक्तिक कर्ज पूर्ण फिटल्यावर ३० दिवसांच्या आत बँकेनं किंवा फायनान्स कंपनीनं मूळ कागदपत्रं परत द्यायची आणि नोंदणीवरचा बोजा काढायचा. त्यांच्या चुकीनं उशीर झाला तर दर दिवसाला ५,००० रुपये भरपाई ग्राहकाला द्यायची. कागद त्यांच्याकडून हरवले तर दुय्यम प्रती काढायला मदत करायची, त्यासाठी त्यांना आणखी ३० दिवस मिळतात.

बैठकीत हे सांगितल्यावर एकदम शांतता झाली. मग एक वहिनी म्हणाल्या, "दिवसाला पाच हजार? मग मी दर वर्षी कर्ज काढते की!" सगळ्या हसल्या. पण नियम नीट समजून घ्या. तो घरच्या वापरासाठी घेतलेल्या गाडीच्या कर्जाला लागतो, कारण असं कर्ज वैयक्तिक कर्जात मोडतं. धंद्यासाठी घेतलेल्या टेम्पोचं किंवा रिक्षाचं कर्ज त्यात धरता येत नाही. तसंच पतसंस्था या सहकार खात्याकडे येतात, रिझर्व्ह बँकेकडे नाही. त्यांची तक्रार सहाय्यक निबंधकांच्या कार्यालयात करायची.

बँक किंवा फायनान्स कंपनी दाद देत नसेल तर आधी त्यांच्याकडेच लेखी तक्रार करा. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा उत्तर पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं. त्याला पैसे पडत नाहीत, वकील लागत नाही. माहितीसाठी १४४४८ हा नंबर आहे.

आणखी एक तरतूद फार थोड्यांना माहीत असते. कर्ज चालू असताना आरसीची दुय्यम प्रत काढायला किंवा गाडी दुसऱ्या राज्यात न्यायला फायनान्सवाल्याचं ना-हरकत पत्र लागतं. आपल्या भागातल्या बऱ्याच लेकी-सुना कर्नाटकात आहेत, त्यांना हे उपयोगी पडेल. कलम ५१ प्रमाणे अर्ज मिळाल्यापासून सात दिवसांत त्यांनी पत्र दिलं नाही आणि नकाराचं कारणही कळवलं नाही, तर ते पत्र दिल्याचं मानलं जातं. पण अर्ज दिल्याचा पुरावा आपल्याकडे हवा. म्हणून परत सांगते, पोच घ्या.

हप्ते थकले तर

हेही लिहायला हवं, कारण आपल्या बायका हप्ता थकला की घाबरून फोन बंद करतात. बोजा असेपर्यंत कराराप्रमाणे गाडी ताब्यात घ्यायचा हक्क सावकाराला असतो. पण गुंड पाठवून, दमदाटी करून नाही. सर्वोच्च न्यायालयानं २००७ मध्येच बँकांना हे बजावलं आहे. वसुलीचे फोन सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातच्या नंतर करता येत नाहीत, असा रिझर्व्ह बँकेचा २०२२ चा आदेश आहे. गाडी ताब्यात घेतल्यावर आरसी स्वतःच्या नावावर करायची असेल तर त्यांना फॉर्म ३६ भरावा लागतो आणि आरटीओकडून आपल्याला रजिस्टर पोस्टानं नोटीस येते. ती नोटीस परत पाठवू नका. घ्या, वाचून घ्या, गटात आणा.

जुनी गाडी घेताना

गटातून कर्ज काढून जुनी स्कूटर घेणाऱ्या बऱ्याचजणी आहेत. पैसे देण्याआधी, अगदी टोकन देण्याआधीही, नंबर ॲपवर टाका. बोजा दिसला तर "उद्या उतरवून देतो" यावर पैसे देऊ नका. विकणाऱ्याचं कर्ज थकलेलं असेल तर सावकार तुमच्या दारातून गाडी नेऊ शकतो, कारण नोंदीत त्याचं नाव आहे आणि तुमचं नाही. आधी बोजा उतरू दे, मग फॉर्म २९ आणि ३० वर सह्या, मग पैसे.

नाव कुणाचं?

सर्वेक्षण करताना मला एक गोष्ट सारखी दिसते. हप्ते बाई भरते, कधी गटाच्या कर्जातून, कधी शिलाईच्या पैशातून, आणि आरसीवर नाव मालकांचं. ते का, हा प्रश्न प्रत्येकीनं आपल्या घरात विचारायचा. पण किमान एवढं तरी करा. २०२१ पासून आरसीवर नॉमिनीचं नाव घालता येतं, जुन्या गाडीवरसुद्धा. मालक वारले तर वारसानं ३० दिवसांत आरटीओला कळवायचं असतं आणि तीन महिन्यांत फॉर्म ३१ भरून गाडी नावावर करायची असते. त्या दिवसांत बाईच्या डोक्यावर आभाळ कोसळलेलं असतं. तेव्हा बोजाही तसाच असेल तर दोन दारं झिजवावी लागतात. बोजा आधीच उतरलेला आणि नॉमिनी म्हणून आपलं नाव असेल तर निदान एक काम हलकं होतं.

एक सावधगिरी

आरटीओच्या नावानं व्हॉट्सॲपवर 'चलन भरा' म्हणून एपीके फाईल येते. ती उघडली की मोबाईलमधून बँकेचे पैसे जातात. आरटीओ अशी फाईल पाठवत नाही. ॲप नेहमी प्ले स्टोअरवरूनच घ्या. आणि ओटीपी एजंटला, दुकानदाराला, अगदी मलासुद्धा सांगू नका.

आता आपण काय करायचं?

त्या दिवशीच्या बैठकीत गटानं ठराव केला. गटाच्या वहीत एक पान फक्त गाड्यांचं. पाच रकाने: गाडी नंबर, आरसीवर नाव कुणाचं, कर्ज कुणाचं, शेवटचा हप्ता कधी, बोजा उतरला का. सचिव दर तीन महिन्यांनी ते पान वाचून दाखवणार. त्या चार गाड्यांपैकी दोघींनी अर्ज केला आहे, एकीची नवीन एनओसी यायची आहे, आणि चौथ्या मावशी, ज्या "कसला बोजा" म्हणाल्या होत्या, त्यांचा बोजा मागच्या आठवड्यात उतरला. फोन करून म्हणाल्या, "पोरी, आत्ता कुठं गाडी माझी झाली बघ."

पुढच्या महिन्यात प्रत्येक गटाच्या बैठकीला येताना आरसी आणि मोबाईल घेऊन या. मी येतेच आहे. पहिली दहा मिनिटं आपण फक्त नंबर टाकून बघूया.

— तुमची क्षेत्र समन्वयक